कुलपातलं सोनं

किल्लीकाकांचा जगात कशावर विश्वास नसेल, तर तो कुलपांवर. दिसेल त्या दाराला, कपाटाला, पेटीला लोक कुलूप घालतात आणि निर्धास्त फिरतात, याचं त्यांना मनापासून हसू येई. येणारच. ज्या माणसाचा उभा जन्म दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात गेला, त्याला कुलूप म्हणजे काय दिसणार? उघडायला थोडा वेळ लागणारं दार, बस.

त्यांचं दुकान दोन गल्ल्या मिळतात त्या कोपऱ्यावर होतं. दुकान कसलं, दोन घरांमध्ये राहून गेलेली फट. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. मागच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, पुढे किल्ली कापायचं मशीन, त्याखाली पितळेचा चुरा, आणि वर छताच्या आकड्याला लटकलेलं एक अजस्र लोखंडी कुलूप. ते काकांच्या उस्तादांच्या काळचं. विकायला नव्हे, पाटीऐवजी टांगलेलं. त्याची किल्ली कधीच हरवली होती, आणि किल्लीवाल्याच्या सगळ्यात मोठ्या कुलपालाच किल्ली नाही यावर गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं तोच विनोद करत. काका दर वेळी नव्याने हसत. धंद्यात तेवढं करावं लागतं.

काका बाहेरच्या कामांवर गेले की दुकान काकू बघत. साध्या किल्ल्या त्या स्वतः कापत, आणि घासाघीस तर काकांपेक्षा कितीतरी चांगली करत. काका गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगत. काकू आधी भाव सांगत आणि मग गिऱ्हाइकाचं तोंड बघत.

बाहेरची बोलावणी येत ती दोन प्रकारची. एक किल्ली हरवलेल्यांची. माणूस हातात पिशव्या घेऊन आपल्याच दारासमोर पायरीवर बसलेला, स्वतःवर वैतागलेला, पण दार उघडलं की आग्रहाने चहा पाजणारा. दुसरी बोलावणी वेगळी. घरातलं कुणी गेलेलं असे, आणि किल्ली कुठे आहे ते त्या एकट्यालाच ठाऊक असे. अशा घरी काका काम करत तेव्हा पाठीमागे सगळं घर उभं असे आणि कुणी बोलत नसे. एकदा एका म्हाताऱ्याची लोखंडी पेटी त्यांनी अशीच उघडून दिली. आत सोन्याची साखळी निघाली, दुकानातून आणली तशी, भोवतीचा पातळ कागदही न उलगडलेला. म्हाताऱ्याच्या बायकोने ती हातात घेतली आणि काकांनाच विचारलं, "माझ्यासाठी घेतली असेल का हो ही?" ते सांगू शकणारा एकटाच माणूस गेला होता. काकांनी मजुरी घेतली आणि ते बाहेर पडले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. काकूंनी कारण विचारलं, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्याच्या कुलपातलं बाहेर बोलायचं नाही, स्वतःच्या तर नाहीच नाही, ही उस्तादांची पहिली शिकवण होती.

तर या काकांची एक जुनी ठेव मुदत संपून हातात आली, आणि हातात पैसा आला की डोक्याला ताप येतोच.

ठेव साधीसुधी नव्हती, ते त्या दोघांचं म्हातारपण होतं. अलीकडे बारीक काम करताना काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. कुलपाच्या पोटात तार घालून आतल्या पट्ट्या एकेक करून उचलायच्या, हे खरं तर कानाचं काम. पट्टी जागेवर बसली की एवढासा आवाज होतो, आणि तो ऐकू आला तरच पुढे जायचं. काकांचा कान अजून तीक्ष्ण होता; हात दगा देत होता. उद्या दुकान बंद करायची वेळ आली तर कुणापुढे हात पसरायला लागू नये, लेकीपुढेसुद्धा नाही, एवढीच दोघांची इच्छा होती. पैसे सोन्यात घालावेत यावर दोघांचं लगेच एकमत झालं. कुठल्या सोन्यात, यावर मात्र जे वाजलं ते शेजारपाजाऱ्यांनी आठवडाभर ऐकलं.

आधी दोघं सोनाराकडे गेले. सोनार काकांचा जुना स्नेही. त्याच्या तिजोरीची मूठ काकांनीच बदलून दिलेली. त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, "दागिना घेतलास तर अंगावर मिरवता येईल, पण मोडायला आणशील तेव्हा घडणावळ विसरायची. ती मजुरी, ती परत येत नाही. नाणी घेतलीस तर मोडताना नुकसान कमी, पण ती नुसती बघत बसायची."

"बघत बसायला माझ्याकडे हे आहेतच," काकू काकांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मला बांगड्या हव्यात. साध्या. नक्षी नको, खडे नकोत."

"आणि रस्त्यात कुणी ओढल्या म्हणजे?" काका म्हणाले.

"ओढल्या तर मी ओरडेन, तुम्ही धावाल."

"या गुडघ्यांनी?"

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि आईवडिलांना सगळं नीट समजावून सांगायची तिला फार हौस. "बाबा, सोनं कागदावर घ्या. सोन्याचा फंड असतो, त्यात पैसे घालायचे. भाव वाढला की तुमचे पैसे वाढले, उतरला की उतरले. घडणावळ नाही, शुद्ध आहे की नाही याची काळजी नाही, घरात चोरी व्हायची भीती नाही. फोनमध्ये पासवर्ड टाकला की दिसतं."

"पासवर्ड म्हणजे किल्लीच की," काका म्हणाले. "आणि किल्ली आली की किल्लीवाला आलाच. माझ्यासारखा एखादा तिकडेही बसलेला असणार."

"बाबा, तुमच्यासारखा कुणी नाही," लेक म्हणाली, आणि ते कौतुक होतं की कंटाळा, ते काकांनी विचारलं नाही.

शेवटी काकांनी आपलंच खरं केलं. अर्ध्या पैशांची नाणी घेतली. उरलेल्या अर्ध्यांचं पुढे बघू म्हणाले. काकू दोन दिवस फक्त कामापुरतं बोलल्या. नाणी घरी आली आणि काकांपुढे खरा प्रश्न उभा राहिला. ठेवायची कुठे? कपाट? ते त्यांनी केसातल्या आकड्याने उघडलं असतं. बँकेचा लॉकर? एका बँकेत किल्ली हरवलेला लॉकर त्यांनी स्वतः भोक पाडून उघडून दिला होता, आणि मॅनेजरने टाळ्या वाजवल्या होत्या. गावातल्या प्रत्येक कुलपात त्यांना आपलाच हात दिसायला लागला.

मग एका दुपारी काकू घरी झोपलेल्या असताना दुकानात बसल्या बसल्या काकांची नजर वर गेली, आणि चेहरा खुलला. किल्ली नसलेलं, कुणी न उघडणारं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेलं कुलूप! त्यांनी ते खाली काढलं, मागची पत्रा-पट्टी सोडवली, आतल्या गंजक्या पट्ट्या उपसून काढल्या, नाणी तेलाच्या फडक्यात घट्ट गुंडाळून आत बसवली आणि नवीन रिबिटं ठोकून वरून काजळी फासली. हलवून बघितलं. आवाज नाही. आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगायचं तर नव्हतंच.

"नाणी कुठे ठेवलीत?" काकूंनी एकदा विचारलं.

"सुरक्षित आहेत."

"माझ्यापासूनही?"

"सगळ्यांपासून," काका अभिमानाने म्हणाले. कशाचा अभिमान धरावा हे माणसाला वेळेवर कळत नाही.

पुढचे काही आठवडे मजेत गेले. काका काम करता करता वर बघत आणि गालातल्या गालात हसत. मग एक दिवस ते बाहेरचं काम आटोपून परतले, पिशवी खाली ठेवली, सवयीने वर पाहिलं, आणि आकडा रिकामा.

"कुलूप कुठे गेलं?"

"विकलं," काकू म्हणाल्या. किल्ला सर केल्यासारखा त्यांचा चेहरा होता. "नाटकवाला आला होता. त्यांच्या नाटकात तुरुंग आहे. किल्ली नको, चालायला नको, नुसतं दिसायला हवं म्हणाला. मी नव्या कुलपाच्या दुप्पट सांगितले, त्याने चकार शब्द न काढता दिले! मला तर वाटतं, तिप्पट सांगायला हवे होते."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मशीनला धरून उभे राहिले.

"अहो, इतकं काय? धूळ खात पडलं होतं."

"ते... उस्तादांचं होतं."

"उस्तादांना मी स्वतः जेवायला वाढलंय. ते असते तर म्हणाले असते, बाई, चौपट सांग."

"कुठे असतात हे नाटकवाले?"

"नाट्यगृहात. आज दुपारचाच प्रयोग आहे." काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग पदर खोचला आणि दुकानाचं शटर ओढलं. "मी विकलंय, मी येते."

बसमध्ये काका हत्यारांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. काकूंनी विचारलं नाही, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी नाटकवाला भेटला. मंडळीचं सगळं सामान तो सांभाळत असे; खिशात खिळे, गळ्यात मोजपट्टी, कानामागे पेन्सिल. काकूंना त्याने लगेच ओळखलं. "कुलूप? अहो, ते लागलं दाराला. पडदा आता उघडतोय. प्रयोग संपेपर्यंत रंगमंचावर मलाही पाऊल टाकता येत नाही. मागच्या रांगेत बसा आरामात, तिकीट नको."

आरामात! पण दुसरा इलाज नव्हता. दोघं अंधारात जाऊन बसले. पडदा वर गेला आणि समोर राजाचा तुरुंग उभा राहिला. भिंती कापडाच्या, दार फळकुटाच्या गजांचं, आणि त्या दारावर झगझगीत उजेडात काकांचं कुलूप.

"शोभतंय हो," काकू कुजबुजल्या.

तुरुंगातला तरुण आपल्या आईला उद्देशून लांबलचक काहीतरी बोलत होता. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे टिपत होत्या. काका डोळ्यांची पापणीही न लववता कुलपाकडे बघत होते.

"आता सांगा," काकू म्हणाल्या. "काय आहे त्यात?"

अंधारात खोटं बोलणं सोपं असतं म्हणतात. काकांना ते उजेडातही कधी जमलं नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं.

काकूंची खुर्ची हलायला लागली. काकांना वाटलं, रडतायत. बघतात तर त्या पदर तोंडात धरून हसत होत्या. "म्हणजे मी आपलं म्हातारपण विकून आले," त्या कशाबशा म्हणाल्या, "आणि वर भाव चांगला मिळाला म्हणून नाचत होते!"

पुढच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं. काकूंनी हसू आवरून डोळे पुसले. रंगमंचावर पहारेकरी आले आणि गेले. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "समजा, नाटकवाला आलाच नसता. समजा, तुम्हाला काही झालं असतं. मग?"

काकांनी कुलपावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली.

"मी ते कुलूप भंगारात दिलं असतं. किंवा तुमची आठवण म्हणून ठेवलं असतं, रोज पुसलं असतं. पण आत माझ्यासाठी काय आहे ते मला जन्मात कळलं नसतं. किल्लीवाल्याची बायको मी, आणि मला दुसरा किल्लीवाला बोलवायचंसुद्धा सुचलं नसतं."

काकांना ती म्हातारी आठवली, हातात साखळी धरलेली. माझ्यासाठी घेतली असेल का हो ही? तिला निदान पेटी कुठली ते तरी ठाऊक होतं. उस्तादांनी कुलूप गिऱ्हाइकापासून राखायला शिकवलं होतं. बायकोपासून राखायला शिकवलं नव्हतं. ती अक्कल काकांची स्वतःची.

"चुकलं माझं," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे शब्द त्यांनी पूर्वीही उच्चारले होते, पण भांडण मिटवायला. आज तसं नव्हतं. काकूंना ते कळलं.

तेवढ्यात तरुणाने कोपऱ्यातला धोंडा उचलला.

"हे काय करतोय?" काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तुरुंग फोडतोय. नायक आहे तो."

गजांमधून हात काढून तरुणाने कुलपावर पहिला घाव घातला. काका अर्धवट उठले. काकूंनी त्यांना ओढून बसवलं. दुसरा घाव. तिसऱ्याला दाराची कडी खिळ्यासकट निघून आली आणि कुलूप धाडकन फळ्यांवर आदळलं. सगळ्या प्रेक्षागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी. ते माना लांब करून बघत होते, कुलूप फुटलं का. फुटलं नव्हतं.

"उस्तादांचं काम हो," काकू सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या.

"रिबिटं माझी आहेत," काका जरा दुखावून म्हणाले.

पडदा पडल्यावर नाटकवाल्याने कुलूप आणून टेबलावर ठेवलं. "आत आमची एक वस्तू राहिलीय," काकांनी सांगितलं. पिशवीतून छिन्नी काढली आणि नेमका तेव्हाच त्यांचा हात थरथरायला लागला. छिन्नी रिबिटावर बसेना. काकूंनी त्यांच्या मनगटाखाली आपला तळहात धरला. मग ती बसली. पट्टी सुटली, तेलकट फडकं बाहेर आलं, आणि फडक्यातून नाणी टेबलावर आली. काकांच्या जिवात जीव आला. त्यांना टेबलाशेजारच्या नकली सिंहासनावर बसावंच लागलं.

नाटकवाला बघतच राहिला. माणूस सरळ होता, त्याने कपाळाला हात लावला आणि एवढंच विचारलं, "काका, आणखी कुठल्या कुलपात काय काय आहे?"

"ते आता मला विचारायचं," काकू म्हणाल्या.

उद्या पुन्हा प्रयोग होता, म्हणून काकांनी तिथेच पट्टी परत ठोकून दिली. दुप्पट भावाबद्दल काकूंना थोडं लाजल्यासारखं झालं, पण पैसे परत देण्याइतकं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा सोनारासमोर. सगळी हकीकत ऐकून सोनाराने काकांना असं झापलं की काकू खूश होऊन ऐकत राहिल्या. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, ते उगाच नाही. नाणी मोडली आणि त्या सोन्याच्या बांगड्या घडवायला टाकल्या, साध्या, नक्षी नसलेल्या. घडणावळीवर काका एक शब्द बोलले नाहीत. सोनाराला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

उरलेले पैसे कागदावरच्या सोन्यात गेले. लेक सुट्टीच्या दिवशी आली आणि दोघांना समोर बसवून तिने सगळं दोघांच्या नावावर करून दिलं. पासवर्ड काकूंनी ठरवला. तो तिघांना पाठ.

"तिघांना ठाऊक असलेली किल्ली," काका कुरकुरले. "म्हणजे दार उघडंच म्हणायचं."

"असू दे उघडं," काकू म्हणाल्या. "घरच्यांना तरी आत येता येईल."

बांगड्या आल्या. काकू मशीनवर बसताना त्या कोपराकडे सरकवत आणि उठताना हात झटकून खाली आणत. गिऱ्हाइकांनी विचारलं तर भाव सांगत, वजन सांगत, आणि वर "यांनी घेतल्या" असंही सांगत. काका तेव्हा काहीतरी शोधत असल्यासारखे खाली वाकत. छतातल्या आकड्याला पुन्हा कुलूप लागलं नाही. त्यावर आता काकूंची छत्री असते, आणि तरीही लोकांना दुकान सापडतं.

परवा एक बाई जुनी पेटी घेऊन आली. कुलूप हट्टी होतं. काकांनी कान पेटीला लावला, तार आत घातली, आणि नेहमीसारखा डावा हात वर केला. त्या खुणेचा अर्थ, दुकानात आवाज नको. काकूंनी मशीन थांबवलं. हात हलला तशा बांगड्या किणकिणल्या, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने त्या पटकन दाबून धरल्या.

"राहू दे," काका कान न उचलता म्हणाले. "वाजू देत."

कुलूप जरा उशिराच उघडलं. पण त्या बाईला घाई नव्हती, आणि काकांनाही.